देवघरातली दुसरी चावी

"रव्याला नेलं की गं पोलिसांनी."

भागूबाई दारातच उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. दीपमाला कांबळेनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. अंबरपेठेत दोघींची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती. भागूबाईंचा रवी दीपमालानं विहारात रविवारी वंदनेला बसलेला लहानपणापासून पाहिला होता. मान खाली घालून बसणारं पोरगं.

"कशासाठी नेलं?"

"गाडी गेली म्हणत्यात. हिमायतनगरच्या बिरादार सेठची. रव्या चालवितो ती. रातीतून कुणी तरी नेली आन् नाव घातलं माझ्या लेकराचं." भागूबाईंनी पदर तोंडाला लावला. "तू इन्शुरन्सात हायस ना माय? सेठ पैशे मागायला तुमच्यातच येईल की. बघ बाई काही तरी."

दीपमाला इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेमचा तपास करायची. हे काम म्हणजे नवरीमुलीच्या घरची चौकशी करायला गेलेल्या मावशीसारखं. चहा सगळे देतात, खरं कुणी सांगत नाही. बिरादारांची फाइल दुपारपर्यंत ऑफिसात आली आणि तिनं ती स्वतःहून मागून घेतली. आरोपी ओळखीचा आहे, हे साहेबांना सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाकडे गेली असती तर 'ड्रायव्हरने चोरली' असं लिहून फाइल संध्याकाळी बंद झाली असती, एवढं तिला अनुभवानं माहीत होतं.

हणमंतराव बिरादारांचं अफझलगंजला सुतळी-पोत्यांचं दुकान होतं आणि हिमायतनगरात पहिल्या मजल्यावर घर. जिना बाहेरून होता. जिन्याच्या वळणावर एक कोनाडा होता आणि त्यात एक स्टीलचा ग्लास पालथा घातलेला होता. असे ग्लास दीपमालाला नवीन नव्हते. ती वर गेली.

हणमंतराव शांत, जड अंगाचे गृहस्थ होते. डोक्याचे केस नुकतेच उतरवलेले. भावाचं तेरावं करून गावाहून आले त्याच रात्री गाडी गेली होती.

"नाव काय म्हणालात?" त्यांच्या पत्नीनं, भामाबाईंनी विचारलं.

"दीपमाला."

"पूर्ण?"

"दीपमाला कांबळे."

भामाबाईंनी "बरं" म्हटलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं चहा आला. हणमंतरावांचा कपबशीत आला, दीपमालाचा कागदी कपात. तिनं तो प्यायला. तिनं असे बरेच कप प्यायले होते.

"गाडी कुठं उभी होती?"

"खाली, गेटच्या बाहेर. रोजची जागा," हणमंतराव म्हणाले. "पांढरी सात सीटर. एका ऑफिसला लावलेली होती. सकाळी दूध आणायला उतरलो तर जागा मोकळी."

"काचेचे तुकडे वगैरे?"

"काहीच नाही. झाडून नेल्यासारखी जागा."

"म्हणजे चावीनं उघडली. चाव्या किती?"

"दोन. रोजची ही, दाराजवळच्या खिळ्याला. रवी सकाळी घेऊन जायचा, संध्याकाळी आणून द्यायचा. त्या रात्री खिळ्यालाच होती."

"आणि दुसरी?"

"ती देवघरात. गाडी आणली तेव्हा पूजेला ठेवली, तेव्हापासून तिथंच. तिला गाडी कधी लावलीच नाही."

गाडी चोरीला गेली की कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक जरी कमी पडली तरी क्लेम बुडाला. इथं दोन्ही हजर होत्या. म्हणूनच पोलिसांनी सरळ हिशेब केला होता. दोन्ही चाव्या घरात, मग तिसरी कुणी बनवली? जो रोज चावी हाताळतो त्यानं.

आतल्या खोलीतून मुलगा बाहेर आला. हर्षवर्धन, हातात फोन, पायात घरातल्या चपला.

"त्यानंच केलंय आंटी, ओपन अँड शट. की त्याच्याकडेच असायची दिवसभर. बाजारात कुठंही डुप्लिकेट मिळतं. कायकू इतकं खोदायलेत तुम्ही?"

"दसऱ्याला गाडी कोण चालवत होतं?"

"मी. हा तर दीक्षाभूमीला गेला होता ना, नागपूरला. फॅमिलीसकट." त्यानं खांदे उडवले. "दसऱ्याला सगळ्यांच्या गाड्यांची पूजा अन् आमचा ड्रायव्हर गायब."

"दसऱ्याची पूजा झाली का मग?"

"झाली की," भामाबाई म्हणाल्या. "मीच केली. गाडीची, दुकानाच्या काट्याची, दोन्ही चाव्यांची. आधी हळद, वर कुंकू. हळदीशिवाय कुंकू लावत नसतात." त्या थांबल्या. "तुमच्यात नसंल ते."

"नाही आमच्यात," दीपमाला म्हणाली. "दसऱ्यानंतर देवघर कोण बघत होतं?"

"कोण बघणार? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच दीर गेल्याचा फोन आला. सुतक लागलं. देवाला पडदा ओढला अन् आम्ही दोघं गावी. हर्षू एकटाच होता घरी."

"सुतकात बाहेरचं कुणी दिवा लावतं ना? शेजारचं?"

"शेजारच्या वहिनी त्यांच्या माहेरी. राहिला रव्या." भामाबाई हसल्यासारखं करून म्हणाल्या, "आता त्याला कसं सांगावं? पाच वर्षं झाली, उंबऱ्याच्या आत पाऊल नाही टाकलं त्यानं. टाकू दिलंच नाही. चावी पण उंबऱ्याबाहेरून घ्यायचा, बाहेरूनच द्यायचा. पाणी लागलं तर खाली त्याचा ग्लास आहे."

दीपमालाचे कान तापले. पेन कागदावर होतं, ते तसंच राहिलं. मग तिनं पुढचा प्रश्न विचारला.

जबाब पूर्ण झाला तेव्हा तिनं देवघरातली चावी मागितली. देवघराजवळ मात्र तिला जाऊ दिलं नाही. भामाबाईंनी पडद्याआडून चावी आणली आणि वरूनच तिनं पुढं केलेल्या कागदी पाकिटात सोडली. चावी लालभडक होती, पूजेच्या नाड्याचा धागा गुंडाळलेला. रोजची चावीही तिनं घेतली, जबाबावर सही घेतली आणि जिना उतरली.

कंपनीच्या वर्कशॉपमधून दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"मॅडम, त्या लाल चावीत काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"चिप नाही. नवीन गाड्यांच्या चावीच्या डोक्यात चिप असते. ती नसली तर दार उघडेल, इंजिन चालू नाही होणार. रोजची चावी ठीक आहे. ही मात्र रस्त्यावर घासलेली आहे. आत नुसतं प्लास्टिक."

दीपमालानं फोन ठेवला आणि मनात पुन्हा सगळं मांडलं. देवघरातली खरी चावी गाडीबरोबर गेली होती. तिच्या जागी ही नकली बसवली होती. बाजारातून डुप्लिकेट करून गाडी पळवता आलीच नसती. चोराला देवघरातली अस्सल चावीच लागणार होती.

चाव्या परत आल्यावर तिनं त्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवल्या. रोजची चावी रवीनं पुसून पुसून वापरली होती, तरी तिच्या सांध्यात, बटणाच्या कडेला, दसऱ्याची पिवळी रेघ अजून शिल्लक होती. लाल चावीवर तिनं नखानं खरवडलं. लाल गेलं, खाली काळं प्लास्टिक लागलं. दुसरीकडे खरवडलं. पुन्हा लाल आणि काळं. पिवळं कुठंच नव्हतं.

ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच. भागूबाईंना आजच सांगावं असं तिच्या मनात आलं, पण तिनं आवरलं. हातचं काम पुरं झाल्याशिवाय आनंद करू नये, असं तिचे वडील म्हणायचे. ते बरोबर होते, हे तिला लवकरच कळणार होतं.

तिनं एसआय श्रीशैलमना फोन केला. तपास त्यांच्याकडे होता.

"उद्या बिरादारांच्या घरी या साब. तुमचा चोर देते."

"मेरा चोर तो अंदर है मॅडम," ते म्हणाले. पण आले.

जिना चढताना वळणावरचा कोनाडा रिकामा दिसला. ग्लास वापरणाराच कोठडीत, तर ग्लास कशाला ठेवतील, असं तिला वाटलं आणि ती वर गेली.

चौघं दिवाणखान्यात बसली. भामाबाईंनी चहा आणला. या वेळी सगळ्यांना चिनी मातीच्या, सोनेरी काठाच्या कपांत आणला. दीपमालालाही. तिनं कप हातात घेतला आणि तिला क्षणभर कसंसंच झालं. का, ते तेव्हा उमगलं नाही.

"बोलो मॅडम," श्रीशैलम म्हणाले.

"देवघरातली चावी नकली आहे," दीपमाला म्हणाली. "चिप नाही तिच्यात. खरी चावी गाडीबरोबर गेली. म्हणजे देवघरात हात घालून कुणी तरी चावी बदलली."

हणमंतराव पुढं झाले. "कधी?"

"तेच शोधायचं होतं. गाडी आणल्यापासून आजवर कधीही बदलली असू शकते, असं वाटेल. पण तसं नाही. भामाबाईंनी दसऱ्याला दोन्ही चाव्यांना आधी हळद लावली, मग कुंकू. रोजच्या चावीत ती हळद अजून आहे, ही बघा. नकली चावीवर नुसतं कुंकू आहे. म्हणजे दसऱ्याच्या पूजेत ही चावी नव्हतीच. ती दसऱ्यानंतर आली."

श्रीशैलमनी चावी हातात घेऊन फिरवली. "हौ, आगे."

"दसऱ्यानंतर सुतक. देवाला पडदा. हणमंतराव आणि भामाबाई गावी. चावी ठेवणाऱ्याला माहीत होतं, की आता बरेच दिवस तिथं कुणी हात लावणार नाही. खरी चावी कुंकवानं माखलेली होती, म्हणून त्यानं नकलीलाही कुंकू फासलं. खाली हळद असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. भामाबाईंच्या हातून अशी चूक होणं शक्य नाही. ती ज्यानं आयुष्यात पूजा केली नाही त्याच्याच हातून होते."

"म्हणजे रवीच की," हर्षवर्धन म्हणाला. आवाज जरा वर गेला होता. "त्यांच्यात कुठं असतं हे सगळं?"

"रवीला कुंकवाची रीत माहीत नाही हे खरं. पण रवी देवघरापर्यंत पोचणार कसा? पाच वर्षांत तो उंबऱ्याच्या आत आला नाही. येऊ दिला नाही. उंबऱ्याबाहेर चावी घ्यायचा, उंबऱ्याबाहेर द्यायचा. त्या दिवसांत या घरात एकच माणूस होतं. गाडीला गिऱ्हाईक त्यानंच शोधलं. गिऱ्हाइकाला चालू होणारी चावी हवी होती आणि कंपनीला दोन चाव्या दाखवायच्या होत्या. एका गाडीचे दोनदा पैसे. आणि आईबाबा परत आले त्या रात्रीच गाडी गेली, म्हणजे घरात तो एकटा होता असं कुणी म्हणायला नको." दीपमालानं त्याच्याकडे वळून पाहिलं. "फोनवरच्या कसल्या खेळात घातले पैसे, हर्षवर्धन? की अजून घालायचे आहेत?"

हर्षवर्धननं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.  हणमंतराव मुलाकडे पाहत राहिले. सुतळीचा गठ्ठा सुटावा तसा त्यांचा चेहरा सैल पडला.

"हर्षू," ते म्हणाले. "काय रे हे?"

"थांबा तुम्ही," भामाबाई म्हणाल्या.

त्या आतापर्यंत दाराला टेकून उभ्या होत्या. आता पुढं आल्या आणि श्रीशैलमच्या समोर, सतरंजीवर खाली बसल्या.

"साब, या बाईंना काय ठाऊक आमच्या घरातलं? रवी माझ्या लेकरासारखा. पाच वर्षं या घरात राबला. इथंच बसून जेवायचा, हर्षूच्या शेजारी. फ्रिज उघडून पाणी घ्यायचा. आमच्यात तसलं काही पाळत नाहीत."

दीपमालानं हातातला कप खाली ठेवला.

"सुतकात भावकीनं देवाला हात लावायचा नसतो," भामाबाई पुढं बोलत होत्या, अगदी सावकाश. "बाहेरच्यानं दिवा लावायचा असतो. मीच रवीला सांगून गेले होते, बाबा, रोज संध्याकाळी आत जाऊन देवापाशी दिवा लावत जा. माझाच विश्वास नडला. त्याला कुठलं माहीत हळदीचं?"

"तुम्ही मला उलटं सांगितलं होतं," दीपमाला म्हणाली. "याच खोलीत. टाकू दिलंच नाही म्हणालात."

"मी? मी असं कशाला बोलीन बाई?"

"जिन्यात त्याचा वेगळा ग्लास होता."

"कुठला ग्लास?"

श्रीशैलम उठले, जिन्यात डोकावून आले. "कुछ नहीं है मॅडम." मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. मांडणीवर स्टीलचे ग्लास ओळीनं घासून ठेवलेले होते. सगळे एकसारखे.

तेव्हा दीपमालाला सगळं कळलं. ती आज इथं यायच्या आधीच भामाबाईंनी हे कोडं सोडवलं होतं. चावी पाकिटात टाकताना त्यांच्या बोटांना नुसतं कुंकू लागलं होतं, हळद नाही; ही आपण पुजलेली चावी नव्हे आणि ती तिथं कुणी ठेवली, हे जगात फक्त त्यांनाच लगेच कळणार होतं. मग त्यांनी ग्लास धुऊन आत नेला, चांगले कप काढले आणि वाट बघत बसल्या. दीपमालानं गोळा केलेला एकेक धागा त्यांनी उचलला आणि उलटा वळून रवीच्या गळ्यात घातला.

"मॅडम, स्टेटमेंट दिखाओ," श्रीशैलम म्हणाले. "ते उंबऱ्याचं बोललेलं. सही है ना इनकी?"

दीपमालानं फाइल उघडली. तिला माहीत होतं तरी उघडली. चाव्या होत्या, हळद होती, सुतक होतं, पडदा होता. ते वाक्य नव्हतं. ते कानावर पडलं तेव्हा तिचं पेन थांबलं होतं. असली वाक्यं ऐकून गिळायची तिला लहानपणापासून सवय होती. कागदावर उतरवली तर ती आणखी एकदा वाचावी लागतात. साऱ्या जबाबात तेवढंच एक रवीच्या कामाचं होतं आणि तेवढंच तिनं गिळलं होतं.

"नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

श्रीशैलमनी तिच्याकडे पाहिलं. "आप भी अंबरपेठ की हैं ना? लडका भी वहीं का." ते वाईट माणूस नव्हते. आवाजात टोमणा नव्हता, कंटाळा होता. "कंपनी को मालूम है?"

तिनं फाइल मिटली.

हणमंतराव इतका वेळ जमिनीकडे बघत होते. दीपमाला त्यांच्याकडे वळली. "तुम्ही सांगा. रवी कधी या खोलीत आला होता?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा आता रडत होता, आवाज न करता. लहानपणी रडत असेल तसाच.

"आम्हाला क्लेम नको," हणमंतराव म्हणाले. "कंपनीला लिहून देतो."

"मग रवीवरची तक्रारही मागे घ्या."

"ती कशी घेणार? गाडी तर गेली ना ताई. कुणी तरी नेलीच असणार." एवढं बोलून ते उठले आणि आत निघून गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोराला सगळ्यांनी समोर बसलेलं पाहिलं होतं.

कंपनीनं दीपमालाच्या अहवालावर क्लेम नाकारला. एक चावी अस्सल नाही, एवढंच कारण कंपनीला पुरत होतं. गाडी कुणी नेली, याच्याशी कंपनीला काही देणंघेणं नव्हतं. साहेबांनी काम चांगलं झालं म्हणून शाबासकी दिली. हर्षवर्धनचं नाव तिनं अहवालात लिहिलं होतं, ते वरच्या माणसानं 'पोलिसांचा विषय' म्हणून काढून टाकलं. पोलिसांकडे भामाबाईंचा नवा जबाब होता, सहीचा, साक्षीदारांचा.

संध्याकाळी ती भागूबाईंकडे गेली. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नागपूरहून आणलेली निळी पिशवी तशीच टांगलेली होती. रवीची असावी. दीपमालानं जे झालं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. भागूबाई ऐकत राहिल्या.

"शेजारी बसवून जेवू घालायची म्हणली?"

"हो."

"घरात फिरायचा म्हणली?"

"हो."

भागूबाईंनी पदर सारखा केला. "रव्या सांगायचा, ग्लास भरायचा झाला तरी वरून वतायची, भांड्याला भांडं लागू नाही म्हणून. पाच वरसं माणूस नव्हता त्यो तिला. आता कोठडीत घालायचा म्हणून माणूस झाला व्हय?"

दीपमालानं तसबिरीखालच्या निळ्या पिशवीकडे पाहिलं.

"मग तिचं आधीचं बोलणं सांग की कुणाला तरी."

"सांगितलं. लिहून घेतलेलं नव्हतं."

"कुणी घ्यायचं होतं?"

"मी," दीपमाला म्हणाली.

का नाही घेतलं, हे भागूबाईंनी विचारलं नाही. तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि मान हलवली. ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. मग त्या उठल्या, चुलीवरच्या भांड्याचं झाकण बाजूला केलं आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.

"तिथं घरचा डबा घेत्यात का गं?" त्यांनी विचारलं.